भाचीचा व्हिसा

कसबा बावडा, कोल्हापूर
८ मार्च १९९८

चि. वीरेश,

तुला पत्र लिहायला बसले की पहिल्याच ओळीला अडते. धाकटा भाऊ म्हणून 'चिरंजीव' लिहू, की जावई म्हणून 'राजमान्य राजश्री'? माझी मुलगी तुला देऊन दोन वर्षं होत आली तरी माझं हे ठरत नाही. आई गेल्यावर तुला मीच न्हाऊमाखू घातलंय, तेव्हा चिरंजीवच बरा. जावयाचा मान पाहिजे असेल तर मस्कतहून उठून इकडे ये, पाटाभोवती रांगोळी काढते.

चेष्टा पुरे. मन थाऱ्यावर नाही म्हणून करते आहे. शिवांजलीचं बरं नाही. जानेवारीत बाळ गेलं तेव्हा मी तुला लिहिलं होतं की रडून मोकळी होईल. ती रडलीच नाही रे. मागच्या दाराच्या पायरीवर बसते आणि कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या बघते. पुढ्यात ताट ठेवलं तर दोन घास खाते, नाही ठेवलं तर मागत नाही. वेणी मी घालते. शाळा सुटून मी घरी यावं तर सकाळी जिथं बसवून गेले तिथंच ती असते. मी ओरडले, गोंजारलं, तुझे दाजी तिला मठात नेऊन आले. कशाचा उपयोग नाही.

शेवटी राजारामपुरीत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अंगात काही दोष नाही म्हणाल्या, हिला नवऱ्याजवळ पाठवा. एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं. चष्म्यावरून बघत विचारतात, "लग्न नात्यात झालंय का?" मी म्हटलं, "व्हय, सख्ख्या मामाला दिलीया. आमच्यात पयल्यापासनं चालत आलंय की." तर बाई मान खाली घालून काहीतरी लिहीत बसल्या. माझं डोकंच फिरलं. माझ्या आजीला तिच्या मामालाच दिली होती आणि तिची पोरं म्हातारी होऊन गेली, हे मी त्यांना ऐकवून आले.

मी तुला मुलगी दिली ती याचसाठी, की परक्या घरात तिला कोण कसं वागवील याची धास्ती नको. शाळकरी वयात तू तिला कडेवर घेऊन सगळा बावडा फिरलास. तुझ्यासारखा जपणारा दुसरा कुठून मिळाला असता?

तू आता तिथल्या फौंड्रीत फोरमन झालास म्हणे. मग बायकोला बोलावून घे. उशीर करू नकोस. पोरगी माझ्या डोळ्यांदेखत विझत चालली आहे आणि मी वर्गात पाढे घेत उभी आहे.

तुझी
अक्का

◆

रुसैल, मस्कत
२९ मार्च १९९८

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र खिशात घेऊनच गेला आठवडा काम केलं. साचे भरताना दोनदा चुकलो. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

अक्का, तिकीट काढलं आणि बोलावलं, असं इथं होत नाही. मी या देशात आहे तो आमच्या अरबाबच्या नावावर. अरबाब म्हणजे आमचा मालक. माझं काम करायचं परमिट त्याच्या नावाचं, राहायचा व्हिसा त्याच्या नावाचा, आणि पासपोर्ट त्याच्या कपाटात. त्याच्याकडचं काम सुटलं की मला इथं राहायचाही हक्क नाही. बायकोला आणायचं तर अर्जावर त्याची सही लागते, राहायला वेगळी खोली लागते, आणि लग्नाचा सरकारी दाखला लागतो. नुसत्या मजुराला हे मिळतच नाही. फोरमन झालो म्हणून निदान मागता तरी येतंय.

अरबाब माणूस चांगला आहे. वय दाजींएवढं. दुपारचा चहा माझ्याबरोबर बसून घेतो, मला बेटा म्हणतो. त्याला बाळाचं सांगितलं तेव्हा बराच वेळ माझा हात धरून बसला. म्हणाला, कागद आण, मी सही करतो.

आमचं लग्न मठात लागलं, नोंदणी कुणी केलीच नाही. तेवढी दाजींना सांगून करून घे. दाखल्यावर मुंबईला शिक्के मारून आणावे लागतात. शिवांजलीचा पासपोर्टही काढायला टाका.

आणि हे सगळं लांबत असेल तर मी सोडून येतो. करार मोडून गेलो तर परत येऊ देणार नाहीत, पण तू म्हणशील तर येतो. तिला मला दोन ओळी लिहायला सांग ना. नुसतं नाव लिहिलं तरी चालेल.

तुझा
वीरेश

◆

कसबा बावडा
१४ जून १९९८

चि. वीरेश,

सोडून येतो म्हणे! खबरदार. उद्यमनगरात अर्ध्या फौंड्र्यांच्या भट्ट्या थंड आहेत. तुझ्याबरोबरचा ज्ञानू शिवाजी पेठेत तालमीच्या कट्ट्यावर दिवसभर बसलेला असतो. तू येऊन त्याच्या शेजारी बसणार, आणि ती मागच्या दारात बसणार. दोन बसलेली माणसं मी एकटी कशी उठवू?

कामाचं बोलते. नोंदणी झाली. तुझे दाजी दाखला घेऊन मुंबईला जाऊन आले, शिक्के मिळाले. पासपोर्टही आला, पण शाळेच्या दाखल्यावरून काढला त्यामुळे तिच्या नावापुढे अजून बापाचंच नाव आहे. लग्नाचा दाखला सोबत जोडला की चालतं म्हणाले. सगळं रजिस्टरने पाठवते आहे.

आता चांगलं सांगते. तू बोलावतोयस हे कळल्यापासून पोरगी माणसात आली आहे. परवा आपण होऊन मला विचारलं, "अव्वा, तितं दूध कसलं मिळतंय गं? म्हशीचं का डब्यातलं?" मी आत जाऊन पदराने डोळे पुसले. आता स्वतः भाकरी थापते, माझ्या आधी उठते. अंग धरलंय. पत्र लिही म्हटलं तर लाजते, म्हणते समोरच बोलीन.

म्हणून म्हणते, अरबाबच्या मागे लाग.

अक्का

◆

रुसैल, मस्कत
२ सप्टेंबर १९९८

ती. अक्कास,

नमस्कार. कागद पोचले. अरबाबने बघितले, ठेवून घेतले. खोलीही मिळाली. खिडकीतून डोंगर दिसतो, नुसता दगडाचा, झाड नाही एक. मी पांढरा रंग मारून घेतला. शिवांजलीला सांग, दूध डब्यातलंच आहे, पण मी गाईचंही शोधून ठेवलंय.

आता महत्त्वाचं. अरबाब स्वतः कोल्हापूरला येतोय. नव्या शॉपसाठी त्याला साचे भरणारे मोल्डर पाहिजेत. माझं काम बघून म्हणाला, तुझ्या गावचेच नेतो. दसरा झाला की येईल. आणि तुझ्या घरी जेवायचंय म्हणाला. ज्या घरातली लेक माझ्या जबाबदारीवर इथं येणार, ते घर बघून सही करीन, असं त्याचं म्हणणं.

तेव्हा नीट ऐक. त्याला हिंदी चांगलं येतं. आपलं शाकाहारी जेवण चालेल, मी विचारलंय. तिखट बेताने कर, तुझ्या हाताचं तिखट त्याच्या बापजन्मात त्याने खाल्लं नसेल. गल्लीतल्या कुणाच्या पोराची शिफारस करू नकोस. शेजारच्या बयाबाईला त्या दिवशी घरात येऊ देऊ नकोस, ती काहीही विचारते. दाजींना राजकारण बोलू नका म्हणावं. आणि अक्का, तू स्वतः जरा कमी बोल. हे मी लांब आहे म्हणून लिहायचं धाडस करतोय.

त्याची सही झाली की महिन्याभरात शिवांजली इथं.

तुझा
वीरेश

◆

कसबा बावडा
१२ ऑक्टोबर १९९८

चि. वीरेश,

तुझा अरबाब जेवून गेला! असा पाहुणा बावड्यात झाला नाही. पांढरा स्वच्छ झगा, अत्तराचा वास गल्लीच्या तोंडापासून. पोरं गाडीमागे पळत आली. बयाबाईला मी कडी लावून बाहेर ठेवली होती, तर ती गच्चीवरून बघत होती.

पुरणपोळी, कटाची आमटी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, सायीचं दही. तिखट अर्धं टाकलं, देवाशपथ. माणूस खुशाल मांडी घालून पाटावर बसला. पहिली पोळी खाल्ली, दुसरी मागून घेतली. शिवांजली तूप वाढत होती. तिच्याकडे बघून म्हणाला, "ये मेरी बेटी है. वहाँ भी मेरे घर के पास रहेगी." मला भरून आलं.

तू कमी बोल म्हणाला होतास, मी बोललेच नाही. पण तो म्हणाला, "वीरेश मेरे बेटे जैसा है," तेव्हा गप्प कशी बसू? मी म्हटलं, "साहेब, वो तो मेरा भी बेटाच है. मेरा सगा भाई है और मेरा दामाद भी है. दुगना रिश्ता है हमारा." तो म्हणाला, किसका दामाद? मी म्हटलं, "मेरा. ये शिवांजली मेरे पेट की लडकी है, और वीरेश उसका सगा मामा. आप बिलकुल फिकीर मत करो, कागद का खोटा लगीन नहीं है ये, बचपन से गोद में खिलाया है उसको." बायको म्हणून भलतीलाच तिकडे नेतात, कागदावरची लग्नं करतात, असलं पेपरात येतं ना? त्याच्या मनात शंका उरू नये म्हणून बोलले. तुमच्या लग्नाचा फोटो दाखवला, आणि तो जुनाही दाखवला, तू चड्डीत उभा आहेस आणि कडेवर दुपट्यातली शिवांजली. तो फोटो त्याने फार वेळ बघितला.

नंतर मात्र त्याला काहीतरी झालं. दुसरी पोळी अर्धी तशीच राहिली. तुझ्या दाजींकडे एकदा बघितलं आणि उठला. वांग्यातला मसाला सोसला नसावा, चेहरा उतरला होता. हात धुताना हळूच "अल्लाह माफ करे" म्हणाला. बिचारा, ताटात टाकल्याबद्दल माफी मागत होता. मी म्हटलं, असू दे हो, पोटाला जपा. जाताना शिवांजलीच्या डोक्यावर हात ठेवला, डोळ्यांत पाणी होतं. फार मायेचा माणूस बघ.

शिवांजलीने पेटी भरायला काढली आहे. सही झाली की तार कर.

अक्का

◆

रुसैल, मस्कत
१० नोव्हेंबर १९९८

ती. अक्का,

त्याचं पोट बिघडलं नव्हतं.

परत आल्यावर त्याने मला ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं. टेबलावर आपला अर्ज होता, सहीची जागा रिकामी. त्याने विचारलं, तुझी बायको तुझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी आहे, हे खरं? मी हो म्हटलं. हसतच म्हटलं, मला वाटलं तुझ्या पोळ्यांचं कौतुक निघणार. तो म्हणाला, आमच्यात हे लग्नच नव्हे. बहिणीची मुलगी ती आपलीच मुलगी. तिच्याशी लग्न हे आमच्याकडे फार मोठं पाप आहे, आणि या पापावर मी माझी सही करू?

मी सांगितलं की आमच्याकडे ही रीत आहे, कायद्याला चालतं, मठात स्वामींनी अक्षता टाकल्यात. तो म्हणाला, तुमच्या मुलखात चालत असेल, व्हिसा माझ्या मुलखाचा आहे. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो ओरडला नाही. अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाला, हे मी कुणाला सांगणार नाही, तूही सांगू नकोस, दुसरीकडे कळलं तर तुझं परमिटही राहणार नाही. त्या दिवसापासून दुपारचा चहा बंद आहे.

मी पासपोर्ट मागितला, घरी जाऊ द्या म्हटलं. तुझ्या गावची नवी माणसं रुळेपर्यंत नाही म्हणाला. जूनमध्ये माझी दोन वर्षं भरतात, त्याआधी सुट्टी नाही.

तुला दोष देत नाही, अक्का. तिखटापासून बयाबाईपर्यंत सगळ्या सूचना मी लिहिल्या, पण हे सांगू नकोस असं लिहायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आपण हे कधी कुणापासून लपवलं होतं? गल्लीत, मठात, शाळेत, सगळ्यांना ठाऊक. लपवण्यासारखं काही आहे हेच मला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं.

आता मी खोलीवर गेलो की तो पांढरा रंग बघवत नाही. काय करावं सुचत नाही. शिवांजलीला यातलं काही कळू देऊ नकोस. कागद अडकलेत एवढंच सांग.

वीरेश

◆

कसबा बावडा
१ डिसेंबर १९९८

चि. वीरेश,

पोस्टमनकडून पत्र तिनेच घेतलं. व्हिसाचं असणार म्हणून दारातच फोडलं. मी शाळेतून आले तेव्हा ती मागच्या पायरीवर होती आणि पत्र मांडीवर.

मला म्हणाली, "अव्वा, म्हणून गेलं का गं बाळ?"

वीरेश, आयुष्य पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात गेलं माझं, आणि पोटच्या पोरीपुढे तोंड उघडेना. त्या अरबाबला मी मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या आहेत की सांगता सोय नाही. आमच्या घरात, आमच्या पाटावर बसून आम्हालाच पापी ठरवतो! आपल्या घराण्याने कुणाचं काय वाईट केलं? पण शिव्या देऊन झाल्या की तिचा प्रश्न तसाच उभा राहतो. मी एकटीच पुन्हा राजारामपुरीत गेले. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मागच्या खेपेला बोलले त्याची माफी करा, आता खरं सांगा. त्या म्हणाल्या, असेलही, नसेलही, कुणाला सांगता येणार नाही. यापेक्षा हो म्हणाल्या असत्या तर निदान मी कुठेतरी डोकं आपटलं असतं.

तिने खाणं पुन्हा सोडलं. गेल्या मंगळवारी मोरीत पडली. आता दवाखान्यात आहे, सलाइन लावलंय. हात बघवत नाही तिचा. तुझे दाजी कॉटशेजारी बसून असतात. मला वाटतं मनातून ते मलाच जाब विचारत असतात. लग्न ठरवलं मी. परक्या घरी नको म्हणून हट्ट केला मी. अरबाबपुढे फोटो नाचवला तोही मीच.

मी तुझ्या पाया पडते. मोठी असून पडते. जूनपर्यंत ही पोरगी राहायची नाही. तू त्या माणसाचे पाय धर. त्याला विचार, बायको म्हणून नको असेल तर कोण म्हणून नेतोस? कुठल्याही नात्याने ने म्हणावं, पण तिला तुझ्या नजरेसमोर ठेव. तुला बघितलं की ती जगेल. मला दुसरं काही नको.

अक्का

◆

रुसैल, मस्कत
२८ डिसेंबर १९९८

ती. अक्का,

पाय धरले. तुझं पत्र त्याला हिंदीत सांगितलं. तो रडला गं. त्यालाही मुली आहेत. दुसऱ्या दिवशी बोलावून त्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

त्याची म्हातारी आई अंथरुणाला आहे. तिची देखभाल करायला एक बाई ठेवायची परवानगी त्याच्याकडे आहे. त्या जागेवर तो शिवांजलीला कामाचा व्हिसा द्यायला तयार आहे. ती त्याच्या घरात, त्याच्या मुलींबरोबर राहील. दवापाणी तो बघेल. पण ती येणार ती माझी भाची म्हणून. कागदावर अविवाहित, पासपोर्टवर बापाचं नाव आहेच. मी शुक्रवारी जाऊन तिला भेटायचं, सगळ्यांच्या देखत, मामाने भाचीला भेटावं तसं. त्याच्या घरी दुसरं नातं चालणार नाही, याचं त्याने माझ्याकडून वचन घेतलंय. अजून पक्कं दिलेलं नाही, तुला विचारतो म्हणालो. तो हे उपकार म्हणून करतोय. त्याच्या मते तो तिला आणि मला दोघांना पापातून काढतोय.

अक्का, मला हे नको वाटतं. जून काही फार लांब नाही. दवाखान्यात ठेवून, समजूत काढून तेवढे महिने निभतील का? तिचा व्हिसा दोन वर्षांचा असेल. अरबाब सोडेल तेव्हाच परत.

एक कर. हे तू ठरवू नकोस. दाजींनीही नको. शिवांजलीला सगळं सांग आणि तिला विचार. ती नको म्हणाली तर तो विषय संपला.

वीरेश

◆

कसबा बावडा
१७ जानेवारी १९९९

चि. वीरेश,

तू म्हणालास तसं तिला विचारलं. हो म्हणाली. अरबाबला होकार कळव.

आता घरी आणली आहे. जायचं ठरल्यापासून पेज घेते आहे, म्हणजे मी म्हणत होते तेच खरं ठरलं. तू नसत्या शंका काढू नकोस. खोटं नातं सांगतोय असंही नाही. मामा तू आहेसच, भाची ती आहेच. त्यात कुणाला काय फसवलं? पोर जगली पाहिजे. दोन वर्षं काय, बघता बघता जातील.

काल मंगळसूत्र आणि जोडवी माझ्या हाताने काढली. विमानतळावर कुणी विचारायला नको म्हणून. तिने पाय पुढे केला, शाळेत नखं दाखवतात तसा. जोडवं निघेना, साबण लावावा लागला. तुझे दाजी बाहेर निघून गेले. मी तिला म्हटलं, "असू दे गं, जीव ऱ्हायला म्हंजी सगळं ऱ्हायलं." ती बोटावरचा वळ चोळत बसली.

शिवलिंग गळ्यात आहे ते राहू दे म्हणावं. ते मात्र मी काढणार नाही.

अक्का

◆

रुसैल, मस्कत
२६ मार्च १९९९

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार. तुझं बरोबर होतं, मीच घाबरत होतो. पोरीची तब्येत झकास आहे. गाल भरलेत. अरबाबची आई तिच्याशिवाय कुणाच्या हातून औषध घेत नाही. अरबाबच्या मुली तिला अरबी शिकवतात, आणि ती त्यांना भाकरी थापायला शिकवते. परवा शिवू चक्क हसली. लहानपणी हसायची तसंच, मान मागे टाकून.

अरबाब पुन्हा माझ्याबरोबर चहा घेतो. मी दर शुक्रवारी जातो, तिला काहीतरी खाऊ नेतो. तुम्ही काळजी करू नका, माझं लक्ष आहे तिच्याकडे. जूनमध्ये महिन्याची सुट्टी पक्की झाली. येतो तेव्हा सविस्तर बोलू. दाजींना नमस्कार.

तुझा
वीरेश

◆

मस्कत
शुक्रवार, ३० एप्रिल १९९९

प्रिय अव्वा,

माझं तुला हे पहिलंच पत्र. एवढे दिवस तुम्ही दोघं एकमेकांना लिहीत होता आणि मी नुसतं टपाल घेत होते.

मी बरी आहे. खाते, झोपते. इथली आजी मायाळू आहे. अरबाब माझ्याकडे वर डोळा करूनसुद्धा बघत नाहीत, सणाला मुलींबरोबर मलाही कपडे आणले. कुणी कशाला कमी केलं नाही. तू मला जगवायला पाठवलंस आणि मी जगले, तेव्हा त्याबद्दल मनाला लावून घेऊ नकोस.

पण एक खोटं तू लिहिलंस, ते ह्यांनी मला मागे सांगितलं. मला विचारलं आणि मी हो म्हणाले, असं. तू विचारलं नव्हतंस, अव्वा. तू दवाखान्यात येऊन सांगितलंस की ठरलं. विचारलं असतंस तर मी जूनपर्यंत थांबते म्हणाले असते. हट्टाने जेवले असते. जूनमध्ये हे महिनाभर बावड्याला येणार आहेत, आणि माझा व्हिसा दोन वर्षांचा आहे. हे घरी जातील आणि मी इथं राहीन. ज्यांच्यासाठी मला एवढ्या लांब आणलं, ते तिकडे आपल्या मागच्या दारात बसून चहा पितील.

तुला वाटतं हे मला भेटतात. भेटतात, दर शुक्रवारी. बाहेरच्या बैठकीत अरबाबजवळ बसतात. मी खजूर आणि कॉफी नेते आणि पलीकडे आजीच्या पायाशी बसते. पहिल्या शुक्रवारी ह्यांच्या हातातला कप थरथरत होता, कॉफी सांडली. माझ्याकडे बघवेना ह्यांना. उठताना एवढंच विचारलं, "बरी हाईस?" आणि तेवढ्यावर मी आठवडाभर उडत होते. दुसऱ्या शुक्रवारीही तसंच. मला वाटायचं, हे दोघांचं गुपित आहे, वरून मामा-भाची, आतून आम्ही आमचेच. एक तिकडे नाटक करतंय आणि एक इकडे. त्यात मजासुद्धा वाटायची मला.

मग हळूहळू हात थरथरायचा थांबला. मला शिवू म्हणायला लागले, लग्नानंतर ते नाव कधी घेतलं नव्हतं. "जेवलीस का पोरी?" असं विचारायला लागले. अरबाबसमोर म्हणून, असं मी मनाला सांगायची.

मागच्या आठवड्यात अरबाब आतल्या खोलीत नमाजाला गेले होते, मुली बाहेर, आजीचा डोळा लागलेला. बैठकीत आम्ही दोघंच. मी ह्यांचा हात धरला. ह्यांनी सोडवून घेतला. कुणी येईल म्हणून घाबरून सोडवला असता तर मला कळलं असतं, ह्यांची भीती मी ओळखते. भीती नव्हती ती. त्या दिवशी बावड्यात तो फोटो बघून झाल्यावर अरबाबचा चेहरा जसा झाला होता, तसा ह्यांचा झाला. मी तूप वाढत समोरच उभी होते तेव्हा, मी विसरले नाही तो चेहरा.

आज पुन्हा आले. निघताना मी दारापर्यंत गेले. तिथं कुणी नव्हतं, अव्वा. कुणाला दाखवायचं नव्हतं. तरी ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "सुखी ऱ्हा" म्हणाले, आणि खिशातून चॉकलेट काढून माझ्या हातात दिलं. मग शांतपणे चपला घालून गेले. बरं वाटत होतं ह्यांना. चेहऱ्यावरूनच दिसत होतं, डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं.

मी ह्यांच्यावर रागावले नाही. रोज एकच बोलायला लावलं तर माणसाला तेच खरं वाटायला लागतं. जूनमध्ये येतील तेव्हा चांगलं करून वाढ, हाडं वर आलीत त्यांची. माझ्याबद्दल काही विचारू नकोस. तुझ्या भावाला खोटं बोलता येत नाही, आणि खरं ऐकून तुला सोसायचं नाही.

मला माझा नवरा पाहिजे होता, अव्वा. तुम्ही दोघांनी मिळून मला माझा मामा परत दिला.

शिवांजली